आईचे डोळे उघडताना

आमच्यात माणूस गेलं की त्याला निजवत नाहीत, बसवतात. हे आधीच सांगून टाकते, कारण नगरच्या क्लासमध्ये एकेकाला हे समजावताना माझं तोंड दुखलं. आम्ही लिंगायत. आमच्यात अंघोळ घालून नवं पातळ नेसवतात, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढतात, मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात, गळ्यात हार घालतात. मग विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवून वाजतगाजत नेतात आणि बसल्या बसल्याच पुरतात. पण नेण्याआधी फोटोवाला येतो. ज्या माणसाचा जन्मात कुणी फोटो काढला नाही, त्याचाही त्या दिवशी निघतो.

माझ्या आईचा तसाच निघाला. तोंड दिसणारा तेवढाच एक होता.

कडा गावातल्या आमच्या घरात, बैठकीत, दारासमोर तो टांगलेला होता. हिरवं पातळ, शेवंतीचा हार, कपाळावर तीन पट्टे, मधोमध कुंकू आणि मिटलेले डोळे. नाव शिवकांता. मी अगदी लहान असताना ती काविळीनं गेली. मला ती आठवत नाही. लोक म्हणतात ना, आईच्या हाताचा वास अजून येतो, अमकं येतं, तमकं येतं. येत असेल बापडं त्यांना. मला काही म्हणजे काही येत नाही. शाळेत असताना एक मैत्रीण घरी आली, फोटोकडं बघून म्हणाली, "प्रणिते, तुझी आई झोपलीय का गं?" मी तिच्या पाठीत असा धपाटा घातला की तिची आई भांडायला आली. पण पोरगी खोटं काय बोलली होती? त्या फोटोकडं मी कितीही वेळ बघत बसले तरी तो माझ्याकडं बघत नव्हता. मला एवढंच पाहिजे होतं. आईनं एकदा डोळे उघडून माझ्याकडं बघावं, बस. कसं बघायची ती, हे मला बघायचं होतं.

बारावी झाल्यावर मी नगरला मल्टिमीडियाच्या डिप्लोमाला नाव घातलं. त्या दिवसांत जिकडंतिकडं कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. पिठाच्या गिरणीच्या माडीवर क्लास, दवाखान्याच्या मागं क्लास. आमच्या गावातली पोरं कॉलर ताठ करून सांगायची, "मी कॉम्प्युटर करतो." म्हणजे काय करतोस बे, असं विचारलं की गप्प. माझं तसं नव्हतं. मी जाहिराती डिझाइन करायला शिकले, फोटो सुधारायला शिकले, मग अ‍ॅनिमेशन. रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. अप्पांचं कापडाचं दुकान. त्यांना आधी पटलं नव्हतं. "चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय?" म्हणायचे. पण मी हट्टाला पेटले की घरात चूल पेटत नाही हे त्यांना माहीत होतं. शेवटी त्यांनीच दुकानाच्या मागच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये, मला कॉम्प्युटर घेऊन दिला. वर आणि धूळ बसू नये म्हणून जुन्या साडीचं पांघरूण शिवून आणलं. तिथं बसून मी दुकानाची पत्रकं केली, लोकांच्या लग्नपत्रिका केल्या. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पोस्टरात त्याच्या टकलावर केस उगवून दिले. गडी इतका खूश झाला की पेढे घेऊन आला. खरं टक्कल डोक्यावर घेऊनच आला होता, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही.

शेवटच्या प्रोजेक्टला विजयसिंह सरांनी सांगितलं, एक साधा फोटो घ्या आणि त्यात जीव आणा. कुणी झेंडा फडकवणार होतं, कुणी मांजराची शेपटी हलवणार होतं. मी म्हटलं, मी आईचे डोळे उघडणार. आणि फोटो दाखवला.

"म्हणजे हा... मयताचा फोटो आहे?" सर म्हणाले.

"हो. मग?"

मग आमच्यात माणसाला कसं बसवतात ते सगळं सांगितलं.  सर म्हणाले, "कर. पण विचार करून कर." मी कशाला विचार करतेय!

आता डोळे उघडायचे तर खाली डोळे पाहिजेत. नुसती पापणी वर ओढली तर आत काय भरणार? लग्नातला एक फोटो होता, पण त्यात आई खाली बघतेय. नुसता भांग, मुंडावळ्या आणि नाकाचा शेंडा. नवऱ्या खालीच बघतात, त्यात काय विशेष, असं मला वाटायचं. मामाकडं विचारावं तर मामा आमच्या दाराला कधी शिवलेच नाहीत. आजोळ म्हणून जे असतं ते मला नव्हतंच. कावून नव्हतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून अप्पांना विचारलं. ते गादीवर बसून एका बाईला खण दाखवत होते.

"अप्पा, आईचे डोळे कसे होते?"

हातातला खण तसाच हातात राहिला. "कावून गं?"

"प्रोजेक्ट हाय माझा."

"तुझ्यासारखेच होते," म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडं वळले.

शेजारच्या भिवराबाईला विचारलं. ती आईबरोबर पाण्याला जायची. ती म्हणाली, "तुझ्यावानीच बाई, जशेच्या तशे." आणि लगेच तिला दूध उतू चालल्याचं आठवलं. गल्लीत ज्याला विचारावं तो हेच. तुझ्यासारखेच, तुझ्यासारखेच. एवढं एकमत आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही कधी झालं नव्हतं. तिथंच मला वास यायला पाहिजे होता. पण मला आनंदच इतका झाला होता की काही सुचत नव्हतं. आईचे डोळे माझ्याच तोंडावर होते आणि मी ते गावभर हुडकत होते!

स्टुडिओत जाऊन माझ्याच डोळ्यांचा फोटो काढून घेतला. "नुसते डोळेच?" म्हणून फोटोवाला हसला, मी त्याच्याकडं असं बघितलं की हसणं गिळलं त्यानं. नगरला नेऊन दोन्ही फोटो स्कॅन केले आणि जुळवत बसले. वाटतं तेवढं सोपं नसतं ते. माझ्या डोळ्यांवर उजेड एकीकडून, तिच्या तोंडावर दुसरीकडून. माझ्या भुवया तिच्या पट्ट्यात घुसायच्या. शेवटी जमलं. डोळे उघडून बसलेली माझी आई. मोठा प्रिंट काढला आणि एसटीत मांडीवर उभा धरून घरी आणला.

अप्पांनी तो बघितला आणि खाली बसले. बोट लावून बघितलं. "लई बेस झालंय," म्हणाले, "लई बेस." माझ्या बापानं माझ्या कुठल्याही कामाला तोपर्यंत बेस म्हटलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्याला फ्रेम केली आणि दुकानात गादीच्या वर, लोकांना समोरच दिसेल अशी टांगली. माणसाच्या डोक्यावरचं ओझं कुणी उतरून घ्यावं तसे ते हलके झाले होते. येणारंजाणारं म्हणायचं, "वहिनी अगदी अशाच होत्या बघा." अप्पा मान डोलवायचे. मी पण फुशारकीत. दोघातिघांनी तर आपापले गेलेले म्हातारे आणून दिले, ह्यांचेबी डोळे उघड म्हणून.

मग बसम्माआत्या आली.

ही अप्पांची थोरली बहीण, धारूरला दिलेली. तोंडाची फटकळ. तिच्यापुढं अप्पा अजून चड्डीतलेच. आईच्या पुण्यतिथीला यायची तशी आली, एसटीतून उतरून पिशवीसकट थेट दुकानात. पाणी प्यायली, वर बघितलं, आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "ही कोण बाई टांगलीस रे अण्णाराव?"

"अक्का, चहा घे आधी."

"चहा घेते की. पर ही कोण?"

"शिवकांता हाय."

"शिवकांता?" आत्यानं चष्मा लावला, गादीजवळ जाऊन निरखून बघितलं. "मग तिचा डोळा कुठाय?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. अप्पा हळू आवाजात म्हणाले, "अक्का, गिऱ्हाईक हाय."

"हाय तर हाय. मी काय शिव्या द्यायलेय का त्याला?"

मी आत्याचा हात धरून तिला घरी नेलं आणि स्वयंपाकघराचं दार लावलं. म्हटलं, कुठला डोळा, काय डोळा, आता सांगितल्याशिवाय इथून हलायचं नाही.

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुला कुणी सांगितलं न्हाई? एवढी घोडी झालीस, कुणीच न्हाई?"

"न्हाई."

"मुडदे कुठले," असं सगळ्या गावाला म्हणून आत्यानं सांगितलं. आईचा डावा डोळा गेलेला होता. लहानपणी डोळे आले, कुणीतरी त्यात पाला पिळला, आणि फूल पडलं. "बघायला गेलतो तवा पोरीची मान खाली. आमालाबी काय दिसलं न्हाई. लग्न लागल्यावर तुझ्या बापाला कळलं. फसवलं म्हणाला मला. तिथंच मांडवात तिला टाकून निघाला हुता. आमच्या बाबांनी बखोटीला धरून माघारी आणला. तिच्या माहेराशी बोलणं तुटलं ते तवाच."

"आणि फोटो?"

"फोटो काढू देत न्हवता तिचा. जत्रंत फोटोवाला येऊन बसायचा, आख्खी गल्ली फोटो काढून घ्यायची, ही घरात. गेल्यावर तेवढा काढला." आत्या थांबली. "डोळे मिटले हुते ना तिचे."

माझ्या डोक्यात तिडीक उठली. तशीच दुकानात गेले. चपला न काढता गादीवर चढले. व्यापाऱ्याच्या घरातली पोरगी मी, गादीवर चप्पल म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. फ्रेम उतरवली. गिऱ्हाइकं गेली होती. अप्पा नुसते बघत होते.

"चपला काढ," म्हणाले.

"तुमी खोटं सांगितलं मला."

"काय खोटं सांगितलं?"

"आईचे डोळे माझ्यासारखे होते म्हणालात."

त्यांनी गादीवर पडलेली माती हातानं झाडली. मग म्हणाले, "एक होता की तुझ्यासारखा."

ह्याच्यावर काय बोलायचं, सांगा! काहीतरी फेकून मारावं असं वाटलं, पण हातात आईच होती, नाहीतर माझे डोळे लावलेली कुठली तरी बाई. फ्रेम घेऊन मागं गेले आणि काच फोडून तो प्रिंट फाडला. अप्पांशी बोलणं बंद केलं. त्यांचं ताट वाढायचं आणि निघून जायचं.

आत्या मात्र राहिली. तिला म्हटलं, तू शेजारी बस आणि मला डोळा सांग. दिवसाची लाइट कधी असायची, कधी नसायची. आली रे आली की आम्ही दोघी मागच्या खोलीत. आत्या आधी माउसलासुद्धा हात लावायला भ्यायची, म्हणायची शॉक बसतो. आणि मग अशी सरावली की मलाच दम द्यायला लागली.

"पांढरं कर. आगं इतकं न्हाई, भूत करतीस का तिचं? भिजल्या साबुदाण्यावानी कर. कडंला जरा निळसर."

"असं?"

"आन झापड जरा खाली घे. अर्धा मिटल्यासारखा असायचा तो. त्या बाजूची भुवई मातर वर."

"उजवा?"

"उजवा तुझा हाय तोच ठिव. तेवढं खरं बोलला तुझा बाप."

करता करता एकदा आत्या म्हणाली, "थांब." मी हात काढून घेतला. तिनं पदर तोंडाला लावला. "हीच गं. शिवकांता, कुठं हुतीस गं बाई," असं त्या पडद्याशीच बोलली. आणि मी हंबरडा फोडला. लाजायचं काय त्यात? आई सुंदर होती का, मला माहीत नाही. तो डोळा बघून मला कसंकसं झालं का, तेही मला आता सांगता येत नाही. ही कुणीतरी खरीखुरी बाई आहे आणि मी हिच्या पोटची आहे, एवढंच मला कळलं, आणि ते मला जन्मात पहिल्यांदा कळलं.

मग पापण्या हलवल्या. एकामागं एक चित्रं काढायची असतात, प्रत्येकात पापणी थोडीशी वर. सगळी भराभर लावली की डोळे उघडतात. आई डोळे मिटून बसलेली असते, मग पापण्या हलतात, मग ती समोर बघते. सरळ. पुढं काय करावं मला सुचेना. हसवू का? मान हलवू का?

"ती बघायची कशी, आत्या? बोलताना काय करायची?"

"मला न्हाई ठाव. मी सणावाराला येणार, ती चुलीपाशी. पाठच असायची तिची माझ्याकडं." आत्या पिशवी भरायला लागली. "त्याला दाखव. त्याच्याशिवाय कुणाला ठाव असणार? मी जाते. माझ्यासमोर तो बोलायचा न्हाई."

आत्या गेल्यावर दुपारी अप्पांनी दुकानाचं अर्धं शटर ओढलं तेव्हा मी त्यांना मागं बोलावलं. दाखवायचं कारण प्रोजेक्ट नव्हतं, खरं सांगते. मला त्यांची जिरवायची होती. त्या डोळ्यासमोर त्यांना बसवायचं आणि त्यांचं तोंड बघायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

ते गठ्ठ्यावर बसले. मी लावलं. आईनं डोळे उघडले. दोन्ही.

 पडद्यावरच्या पापण्या मिटल्या, पुन्हा उघडल्या. मी ते सारखं फिरत राहील असं केलं होतं. मग अप्पा म्हणाले, "ही ती न्हाई."

माझा पारा चढला. "आता काय राहिलं? आत्यानं बसून करून घेतलंय! डोळा चुकला का? का अजूनबी पसंत न्हाई तुमाला?"

"डोळा बरोबर हाय," ते म्हणाले. "डोळा तसाच हुता. पर ती अशी सरळ बघत न्हवती."

"मग कशी बघायची?"

ते उठले. पोट सुटलेला, कपाळावर विभूती लावलेला, पन्नाशीचा माझा बाप कॉम्प्युटरपुढं उभा राहिला आणि त्यानं डोक्यावर नसलेला पदर डाव्या हातानं पुढं ओढला. मग मान डावीकडं वळवली. अगदी थोडीशी. हनुवटी खाली, डावा गाल पदरात, आणि उजवा डोळा तेवढा माझ्याकडं. एका क्षणात केलं त्यांनी ते. सवयीचं असल्यासारखं. आणि मला आई दिसली. आई शप्पथ, माझ्या बापाच्या मोठ्या चेहऱ्यावर मला माझी आई दिसली. 

"अशी," ते म्हणाले. "कुणी हाक मारली की अशी. चांगला डोळा समोर करायची. बोलताना, वाढताना, सगळं असंच. घरात कुणी नसलं तरीबी. निजेतसुदिक तोंड भिताडाकडं."

मी कसंबसं विचारलं, "तिला कुणी शिकवलं असं बघायला?"

ते पुन्हा गठ्ठ्यावर बसले. आईचे डोळे उघडत होते, मिटत होते, उघडत होते.

"मीच की," अप्पा म्हणाले. "पहिल्याच दिवाळीला दुकानात व्यापारी आलते, सोलापूरचे. ती चहा घेऊन आली. आत जाऊन मी तिला सांगितलं, लोकांपुढं ह्या बाजूनं येत जा. मान धरून दाखवली. एकदाच दाखवली, प्रणिता. परत कधी सांगावं लागलं न्हाई."

त्यांचा आवाज फाटला. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं आणि मला ते बघायचंही नव्हतं. मला दया येत होती आणि त्या दयेचा राग येत होता. फसवलं होतं ना ह्यांना? फसवलं होतं. मग सासऱ्याची कॉलर धरायची. तिची मान कावून धरली?

पण मला विचारायचं होतं ते वेगळंच होतं. लहानपणापासून तेच विचारायचं होतं.

"आणि माझ्याकडं? माझ्याकडं बघताना?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आठवायचा प्रयत्न करत होते, मला दिसत होतं ते. "तुला घेऊन ती आत बसायची. दार लोटून. मी..." थांबले. "मला न्हाई ठाव, बाळा. मी कधी बघितलंच न्हाई."

म्हणजे ते कुणालाच माहीत नव्हतं. आत्याकडं पाठ, गावाकडं एक डोळा, बापाकडं एक डोळा. आणि माझ्याकडं कसा, हे माहीत असलेली एकच बाई होती आणि ती मांडी घालून बसून जमिनीत गेली. मी पण त्या लोटलेल्या दाराआड होते म्हणे, तिच्या मांडीवर. माझा काय उपयोग!

अप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. पडद्याकडं बोट केलं. "तेवढी मान वळीव तिची," म्हणाले. अगदी अजिजीनं म्हणाले, गिऱ्हाइकापुढंही ते कधी असं बोलले नव्हते. "येतं ना तुला? तेवढं केलंस की ती हुबेहूब हुईल. मग मला... येकदा बघू दे मला."

येत होतं मला. त्यात काहीच अवघड नव्हतं. मान डावीकडं, हनुवटी खाली, पदर पुढं. त्यांनी करून दाखवलं होतं, माझ्या डोळ्यासमोर पक्कं बसलं होतं. तसं केलं असतं तर ह्या पडद्यावर खरी शिवकांता बसली असती, जशी होती तशी, आणि मला माझी आई कायमची मिळाली असती. दुसरी कुठली आई मला मिळणारच नव्हती. सरळ बघणारी ही जी मी केली होती, ती कधी कुणी बघितलेलीच नव्हती. ती माझ्या मनाचीच होती.

मी माउस धरला. मान निवडली. अप्पा पुढं सरकून बसले.

आणि माझा हात चालेना.  त्यांनी धरून वळवली होती तीच मान मी धरली होती, आणि तेच माझ्या मागं बसून सांगत होते, वळीव म्हणून.

"न्हाई," मी म्हटलं.

"प्रणिता..."

"न्हाई म्हणलं ना अप्पा. न्हाई वळवणार मी."

 ते उठले आणि शटर वर करायला निघून गेले. दोघंही त्या दिवशी जेवलो नाही. बोलणं सुरू झालं नंतर, घरात दोनच माणसं असल्यावर किती दिवस तोंड फिरवून राहणार? पण त्या मानेबद्दल त्यांनी परत विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही. एकदोनदा एकटी असताना मी आरशापुढं तशी मान वळवून बघितली. हुबेहूब जमते मला. लगेच सरळ केली.

प्रोजेक्ट नगरला नेऊन दाखवला. क्लासमध्ये पडदे ओढले, आईनं डोळे उघडले, आणि मागं कुणीतरी "बाप रे" म्हणालं. विजयसिंह सर पडद्याजवळ जाऊन बघत राहिले. डोळ्याचं काम फार चांगलं झालंय म्हणाले. मग म्हणाले, "पण नुसत्या पापण्याच हलतात. बाकी सगळं दगडासारखं. निदान मान तरी थोडी हलवायची. वेळ आहे अजून, करून आण. नाहीतर मार्क जातील."

"जाऊ द्या सर," मी म्हटलं.

"अगं, पण का? एवढं येतंय तुला."

सगळा क्लास माझ्याकडं बघत होता आणि वर आई बघत होती, सरळ, दोन्ही डोळ्यांनी.

"लई वळवली तिनं मान," मी म्हटलं. "आता न्हाई वळवायची."

सरांना काही कळलं नाही. त्यांनी मार्क कापले.